दरड कोसळायच्या आत जेवायला या

पुण्याच्या संस्थेत मुलाखतीला गेले तेव्हा मला पहिलाच प्रश्न आला, "आपत्तीचा काही अनुभव?" मी म्हटलं, "आमच्या घरी फ्रिज जेवणाच्या टेबलावर असतो." टेबलापलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी समजावून सांगितलं. आमचं घर महाडच्या बाजारपेठेत. सावित्रीचं पाणी पावसाळ्यात एकदा तरी गल्लीत डोकावून जातं. म्हणून मिरगाच्या आधी फ्रिज टेबलावर चढतो आणि दसऱ्याला खाली उतरतो. तोपर्यंत आई दूध काढायला स्टुलावर चढते आणि टेबल अडलेलं म्हणून आम्ही जेवतो जमिनीवर. ऐकणाऱ्यांपैकी एक जण खो खो हसला. पुढे तोच माझा साहेब झाला. नोकरी त्या फ्रिजमुळेच मिळाली असं मी अजून मानते.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. काही पावसाळ्यांपूर्वी आमच्या महाड-पोलादपूर भागात डोंगर खाली आले होते, माणसं गाडली गेली होती. त्यानंतर डोंगरातल्या वाड्यांवर कोणी ना कोणी काही ना काही घेऊन येऊ लागलं. कोणी ताडपत्र्या आणल्या, कोणी नुसते फोटो काढून नेले. आमच्या संस्थेला मात्र गावाने पुढच्या खेपेला आपणहून वाचावं असं काहीतरी उभं करायचं होतं. साहेब त्याला म्हणायचा, "हवामानबदलाला तोंड देण्याची क्षमता." हे वाक्य तो न अडखळता म्हणू शकायचा, ह्याचं मला फार कौतुक वाटायचं.

माझ्या वाट्याला आली ती कुडपणच्या बाजूची एक वाडी. पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून पुढे जीप, आणि जीप जिथे दम टाकेल तिथून पायी. वाडीच्या दोन आळ्या. वरची आळी सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर. तिथेच देऊळ आणि देवळाचा पक्का सभामंडप. खालची आळी उताराच्या पोटाशी. तिच्या मागच्या डोंगराला त्या वाईट पावसाळ्यात एक भेग पडली होती. रेडकू सहज आत उतरेल एवढी. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला. गावात बाया, म्हातारे, शाळेची पोरं आणि म्हशी.

योजना इतकी सरळ होती की मला ती समजावून सांगायचीही लाज वाटायची. पावसाने जोर धरला की वरच्या आळीने भोंगा वाजवायचा. भोंगा ऐकला की खालच्या आळीने देवळात यायचं. झालं.

पहिली सभा देवळातच भरली. साहेब उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आपल्याला ह्या बदलत्या हवामानाला तोंड द्यायचं आहे."

मागून एक म्हातारा म्हणाला, "पावसाला तोंड कोण देतं, सायेब? पावसाला पाठ द्यायची. इरलं पाठीवर असतं."

इरलं म्हणजे पानांचं विणलेलं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं पांघरूण. लावणीच्या वेळी बाया ते घालून वाकतात तेव्हा शेतात कासवं चरतायत असं वाटतं. साहेबाने हातातला कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, "बरं, सामोरं जायचं आहे."

"सामोरं म्हंजे तोंडच झालं की."

साहेबाने त्या दिवसापासून तो शब्द सोडला तो सोडलाच. बाकी सभा उत्तम झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. भोंग्याची जबाबदारी वरच्या आळीतल्या एका निवृत्त माणसाने घेतली. त्यांचा जन्म मुंबईत नोकरीत गेला होता. त्यांना सगळे मुंबईकर म्हणत, आणि तेही मुंबईकरासारखेच बोलायचे. "मॅडम, टेन्शन नाय लेने का," ते मला म्हणाले, "भोंगा अपुन संभालेगा." खालच्या आळीची मंडळी देवळाबाहेर, लांब आंब्याखाली बसून ऐकत होती. मला वाटलं, सावलीला बसली असतील.

हाताने फिरवायचा भोंगा आम्ही महाडहून आणला आणि मुंबईकरांच्या अंगणात खांबावर बसवला. पावसाआधी, ऐन मे महिन्यात, सकाळी पहिली तालीम ठरली. साहेब पुण्याहून शिट्टी आणि लाल निशाण घेऊन आला. मी देवळाच्या पायरीवर उभी राहिले. मुंबईकरांनी बाह्या सरसावल्या, दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली.

तो आवाज आधी एखाद्या रेड्याने पोटभर जेवून ढेकर द्यावा तसा आला. मग चढत गेला, चढत गेला, आणि शेवटी पोटात कळ आलेल्या हत्तीसारखा झाला. हत्ती आमच्याकडे कोणी पाहिलेला नव्हता. म्हशींनी तर नव्हताच. दोन्ही आळ्यांच्या म्हशी त्या वेळी सड्यावर चरत होत्या. त्यांनी एकदम शेपट्या वर केल्या, माना खाली घातल्या आणि उतारावरून सरळ खालच्या आळीत, खालच्या आळीतून घळीत धाव ठोकली.

"म्हशी गेल्या गोऽऽ!" अशी आरोळी उठली. खालची आळी अख्खी बाहेर पडली, हे खरं. पण ती पडली खालच्या बाजूला, म्हशींच्या मागे. वरच्या आळीच्याही म्हशी होत्या, तेव्हा तीही मागोमाग उतरली. साहेब निशाण हलवत ओरडत होता, "वर! वर या!" आणि लोक खालून उलट ओरडत होते, "वर कुठं? खाली गेल्यात!" शेवटी साहेबही त्यांच्या मागे धावला. दरडीचा सगळा मलबा जिथे येऊन पडणार असं आम्ही नकाशावर तांबडं रंगवलं होतं, नेमक्या त्या घळीत काही मिनिटांत सगळं गाव गोळा झालं. देवळात उरलो मी आणि देव.

साहेबाला करवंदीच्या जाळीतून बाहेर काढताना त्याच्या शर्टाची पाठ फाटली. तो मनाने फार चांगला माणूस. धापा टाकत म्हणाला, "लोक घराबाहेर पडले, हे महत्त्वाचं. आता फक्त दिशा सुधारायची."

दिशा सुधारायच्या आत भोंग्याला दुसरीच कामं लागली. मुंबईकरांच्या लक्षात आलं की भोंगा वाजला की फणसावरची वानरं पळतात. मग ते वानरं दिसली की भोंगा वाजवू लागले. जीप वळणावर दिसली की वाजवू लागले, म्हणजे बाजाराला जाणाऱ्यांनी पिशव्या घेऊन निघावं. मी विरोध केला. ते म्हणाले, "मॅडम, मशीन है. वापरलं नाय तर जाम होतं."

दुसरी तालीम साहेबाने न सांगता घ्यायची ठरवली, म्हणजे खरी परीक्षा होईल. भोंगा वाजला. अर्धी खालची आळी गोफणी आणि पत्र्याचे डबे घेऊन फणसांकडे धावली. उरलेली अर्धी पिशव्या घेऊन जीपच्या वळणावर जाऊन उभी राहिली. म्हशी ह्या वेळी जागच्या हलल्या नाहीत. त्यांना सवय झाली होती. गोफणीतला एक दगड साहेबाच्या टोपीला चाटून गेला. ज्या बाईने तो मारला ती डबा वाजवतच जवळ आली आणि म्हणाली, "अगो बाय, मला वाटलं वानर." साहेबाने टोपी काढून नीट पाहिली आणि परत घातली.

मला मात्र एक गोष्ट डाचायला लागली होती. एवढ्या सगळ्या धावाधावीत खालच्या आळीतलं एकही माणूस चुकूनसुद्धा देवळाकडे आलं नव्हतं.

वाडीत मी खालच्या आळीतल्या काकीकडे राहायची. काकी म्हणजे धिप्पाड, मोठ्या आवाजाची, नवरा आणि मुलगे मुंबईला असलेली, एकटीने म्हशी सांभाळणारी बाई. संध्याकाळी ती धार काढत होती. मी गोठ्याच्या दारात बसले आणि विचारलं, "काकी, खरंच डोंगर सुटला तर काय करणार?"

"पळणार."

"कुठे?"

"ते तवाच्या तवा बघू."

"देवळात का नाही येणार?"

काकीने धार थांबवली नाही. "देवळाची वाट मुंबईकराच्या अंगणातनं हाय."

"मग?"

"मग काय? बोलावल्याबिगर कुणाच्या अंगणात पाय ठेवायचा? आमी काय वाटेवरचे हाव?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुंबईकरांच्या मोठ्या मुलाच्या लग्नात वरच्या आळीने घरोघरी अक्षत देऊन आमंत्रणं केली होती. खालच्या आळीला मात्र एका पोराकरवी निरोप पाठवला, जेवायला या म्हणून. अक्षत नाही, हळदीकुंकू नाही. खालच्या आळीने मानापमानाची गोष्ट म्हणून एकही माणूस पाठवला नाही. वरच्या आळीचे वडे आणि सागोती उरून फुकट गेली, म्हणून वरची आळी रुसली. तेव्हापासून येणं-जाणं बंद. देवळातल्या उत्सवालासुद्धा खालची आळी लांबून नमस्कार करायची. त्या दिवशी आंब्याखाली ती सावलीला बसलेली नव्हती.

"पण काकी, मुंबईत काका कुठे राहतात?"

"गावाच्या खोलीत."

"तिथे वरच्या आळीतलं कोणी नसतं?"

"नसतं कसं? मुंबईकराचा मुलगाच हाय. ज्याचं लगीन झालं तोच. आमच्या ह्यांच्या शेजारी झोपतो. सगळ्यांची भाजी तोच करतो. चांगली करतो म्हणतात."

"मग तिथे कसं चालतं?"

काकीने माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "ती खोली हाय गो बाय. ह्यो गाव हाय."

मी दुसऱ्या दिवशी मुंबईकरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, दरड काय अक्षत घेऊन येणार हाय? जान प्यारी असेल तर येतील."

"नाही येणार."

"मग मरू दे."

"मेले की तुम्हालाच जावं लागेल त्यांच्या दारात," आतून त्यांची बायको म्हणाली. "तवा काय, भोंगा वाजवणार?"

मी तिला मावशी म्हणायची. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मी जाते बोलवायला. पण बोलावू कशाला, ते सांग. लगीन नाय, बारसं नाय. 'डोंगर पडेल तवा जेवायला या' असं म्हणू काय?"

हा प्रश्न खरोखर अवघड होता. मुंबईकर म्हणाले, "बोल की, रेस्क्यू कार्यक्रम हाय." मी म्हटलं, पूजा घाला. मावशी म्हणाली, पूजेला दिवस ठरवावा लागतो, पाऊस काय आपल्या दिवशी येतो? शेवटी तिनेच वाक्य जुळवलं. "पाऊस धरला की आमच्याकडं जेवायला या, घरातल्या सगळ्यांनी." ह्यात डोंगराचं नाव नाही, मरणाचं नाव नाही.

मावशी ताटात हळदकुंकू आणि अक्षता घेऊन खालच्या आळीत उतरली, म्हशींमागची ती धाव सोडली तर कित्येक वर्षांनी. मी मागे मागे. प्रत्येक दारात तिने कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या. दारं उघडी होती, पण चेहरे बंद होते. काकीच्या दारात मात्र वाटाघाटी झाल्या.

"घरातल्या सगळ्यांनी म्हंजे?" काकीने विचारलं. "म्हशी?"

मावशी गडबडली. "म्हशी देवळात कशा चालतील?"

"मग मी पण नाय चालत."

"बरं, म्हशी आमच्या पडवीत बांध."

"आणि भोंग्यावर आमी येणार नाय. भोंगा वानरांला. माणसांला हाक मारावी."

"मी मारीन हाक," मावशी म्हणाली.

"तू सोता?"

"मी सोता."

काकीने अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या. वर परत आल्यावर मावशीने पडवीची गोष्ट सांगितली तेव्हा मुंबईकरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पडवीत त्यांनी नुकतीच गुळगुळीत, चकचकीत लादी बसवून घेतली होती. तिच्यावर ते स्वतःसुद्धा चप्पल काढून चालायचे.

मग पाऊस लागला. साहेब पुण्याला, जीप बंद. श्रावणात असा एक आठवडा आला की सड्यावरचं धुकं हललंच नाही. त्या आठवड्यात एके दिवशी दुपारी काकीच्या मागच्या परसात झऱ्याचं पाणी लाल झालं. गढूळ नव्हे, लाल, कुंकू कालवल्यासारखं. झऱ्याचं पाणी लाल झालं की डोंगर आतून सुटतोय, हे संस्थेत शिकवलेलं मला आठवलं. मी भिजत वर धावले. "भाऊ, भोंगा!"

मुंबईकर धावतच खांबाशी गेले आणि दांडा फिरवला. भोंग्यातून "फुर्र" असा आवाज आला आणि ओल्या मातीचा एक लपका बाहेर पडला. मागोमाग दोन-तीन हिरव्या अळ्या. पावसाळा लागल्यापासून वानरं फिरकली नव्हती, जीप बंद होती, म्हणून भोंगा वाजला नव्हता. आणि कुंभारीण माशीने आत मातीचं ऐसपैस घर बांधलं होतं. मुंबईकर दांडा फिरवत राहिले, भोंगा फुरफुरत राहिला.

"सोडा ते," मावशी म्हणाली. तिने इरलं डोक्यावर घेतलं, परात आणि उलथनं उचललं आणि सड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्या एवढ्याशा देहातून तेवढा आवाज कसा निघाला कोण जाणे. परात बडवत ती ओरडली, "जेवायला चला गोऽऽ! पानं मांडलीऽऽ!"

पानं मांडलेली नव्हती. चुलीवर काहीही नव्हतं.

मी उलट खाली पळाले. खालच्या आळीत दारं उघडत होती. हाक पोचली होती. मी काकीच्या दारात गेले आणि ओरडले, "काकी, चला! आत्ताच्या आत्ता!"

"येतंय, येतंय," काकी आतून म्हणाली. "लुगडं बदलतंय."

"काकी, डोंगर येतोय!"

"तो येऊ दे. इतक्या वर्सांनी त्यांच्या दारात जायचं नि ह्या फाटक्यावर?"

मी आयुष्यात एवढी कधी चिडले नव्हते आणि एवढी घाबरलेही नव्हते. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. केस विंचरले. कुंकू लावलं, पुसलं, पुन्हा लावलं, कारण वाकडं आलं होतं. मग रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून पावसात परसात गेली, नेमकी त्या लाल झऱ्यापाशी, आणि वेलावरचं तवसं, म्हणजे हातभर लांब काकडी, चाचपून पिकलंय का पाहायला लागली. मी ते तवसं तिच्या हातातून हिसकावून तोडलं. "कवळं हाय," ती नाराजीने म्हणाली.

बाहेर येऊन पाहते तो सगळ्या घरांत तेच. अख्खी आळी लग्नाला निघाल्यासारखी नटून उभी. कोणाच्या हातात पडवळ, कोणाच्या हातात अंडी, म्हाताऱ्यांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या आणि त्यांच्यावर प्लास्टिकच्या पिशव्या. म्हशींची दावी हातात. पाऊस असा की समोरचं माणूस दिसेना, वाटेचा ओढा झालेला, आणि त्यातून ही वरात कोणतीही घाई न करता, मानाने, वर चढली. मी मागून म्हशी ढकलत होते. माझ्या मनातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मुंबईकरांच्या अंगणाच्या कडेला आल्यावर वरात थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. धो धो पावसात सगळे उभे. पुढे पाऊल कोणी टाकेना. समोर पडवीत मुंबईकर उभे. मावशी त्यांना कोपराने ढोसत होती. मला काही कळेना. मग समजलं. यजमानाने "या" म्हटल्याशिवाय पाय पडणार नव्हता.

मुंबईकरांनी घसा खाकरला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "वेलकम."

"मराठीत," काकी म्हणाली.

"या," मुंबईकर म्हणाले. मग एकदम धरण फुटल्यासारखे, "या, या! या की! भिजताय कशाला? बसा!"

वरात आत शिरली. माणसं देवळाच्या सभामंडपात गेली, म्हशी पडवीत. पहिली म्हैस त्या चकचकीत लादीवर चढली आणि तिचे चार पाय चार दिशांना गेले. ती तशीच फतकल मारून बसली आणि अत्यंत अपमानित चेहऱ्याने मुंबईकरांकडे बघत राहिली. दुसरी तिच्यावर येऊन आदळली. मुंबईकर घरातली सगळी गोणपाटं काढून लादीवर पसरत होते आणि हिंदी-मराठीत मिसळून काहीतरी पुटपुटत होते. मावशी चुलीशी बसून भराभर भाकऱ्या थापत होती. काकी शेजारी जाऊन उभी राहिली, पिठल्याची चव पाहिली आणि म्हणाली, "मीठ नाय." मावशी म्हणाली, "घाल की मग." काकीने लुगडं खोचलं आणि बसली.

पहिली पानं वाढून झाली होती. अंधार पडायचा होता. मला आधी वाटलं, ढग गडगडतोय. पण तो आवाज वरून येत नव्हता, पायांतून येत होता. सभामंडपातल्या समईची ज्योत थरथरली. मग बाहेर काहीतरी खूप मोठं, खूप जड, सावकाश बसल्यासारखा आवाज झाला, आणि ओल्या मातीचा वास आला. इतका की तोंडात माती गेल्यासारखं वाटलं.

आम्ही कडेला जाऊन पाहिलं. खालच्या आळीमागचा डोंगर अर्धा नव्हता. घरं उभी होती, पण मागच्या भिंती बसल्या होत्या. परसं नव्हती. गोठे नव्हते. काकीचा गोठा होता तिथे एक उपटलेला आंबा मुळं वर करून पडला होता.

मी तिथेच चिखलात बसले. मग काकी म्हणाली, "गोठा गेला."

"गोठा गेला," मावशी म्हणाली, "म्हशी माझ्या लादीवर हायत."

काकीने तिच्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. मावशीही हसायला लागली. मग कोणीतरी रडलं, मग सगळेच. कोण हसतंय आणि कोण रडतंय ते पावसात कळत नव्हतं. मुंबईकर कोणालाच न सांगता आत गेले आणि म्हशींना चारा घातला.

एवढ्यावर सगळं गोडीगुलाबीने झालं असतं तर ते गाव कसलं. खालची आळी दसऱ्यापर्यंत वर राहिली आणि पहिला आठवडा संपायच्या आत नवी भांडणं सुरू झाली. शेण कोणी काढायचं, टीव्हीवर काय बघायचं, पिठल्यात मीठ. मुंबईकरांच्या लादीला तडे गेले. नंतर काही घरांनी सड्यावर जागा घेऊन नवी घरं बांधली. काकीने मात्र ऐकलं नाही. उघडीप मिळाल्यावर ती खाली गेली, चिखल उपसला, मागची भिंत नव्याने उभी केली आणि तिथेच राहिली. "पाऊस धरला की येईन की जेवायला," ती म्हणायची. सगळ्यात जास्त वाद मी तिच्याशी घातले आणि एकही जिंकले नाही.

साहेब रस्ता मोकळा झाल्या झाल्या आला. प्रत्येक माणसाचा हात हातात घेऊन तो बोलला, डोळे ओले होते त्याचे. मग मुंबईकरांना विचारलं, "सायरन वेळेवर वाजला ना?" मुंबईकर म्हणाले, "एकदम टायमात, सायेब." मी त्याला बाजूला नेऊन काय घडलं ते सगळं सांगितलं, लुगड्या-तवशासकट. तो देवळाच्या पायरीवर बसून पोट धरून हसला. आणि मग, तो साहेबच असल्यामुळे, त्याने ठरवलं की हे आमंत्रण आता प्रत्येक गावात द्यायचं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वरंधच्या बाजूच्या एका गावात गेलो. तिथे मी हौसेने आमंत्रणाची पद्धत समजावली. एक बाई म्हणाली, "आमच्यात भांडण नाय. आमंत्रण कशाला? आमी आपसूक येतो."

"मग अडचण काय आहे?" साहेबाने विचारलं.

"कसलीच नाय. ही शाळा उंचावर हाय, पक्की हाय. सगळी हितंच येणार."

आम्ही शाळेपाशी गेलो. दाराला कुलूप होतं. सुट्टी होती, त्यात नवल नव्हतं.

"किल्ली कुणाकडे असते?" मी विचारलं.

"हाय की. माणूस हाय."

"कुठे असतो तो?"

"महाडला. कामाला जातो रोज. सांजचा येतो."

"आणि पूर आला तर?"

"पूर आला की त्याला येता येत नाय," ती बाई म्हणाली.

साहेबाने कुलूप हातात घेऊन पाहिलं. चांगलं जड, नवंकोरं कुलूप होतं.